हात धावतात, जीभही धावते

चौकातून

अतिरेकी हल्ला झाला की शहर कसं वागतं, हे सांगायला सगळे मुंबईचं उदाहरण देतात. उदाहरण नागपूरचंही आहे. ते कोणी देत नाही, कारण त्या दिवशी आपलं काही बिघडलं नव्हतं.

१ जून २००६, गुरुवार. नवतप्याचे दिवस, म्हणजे गच्चीवर झोपायचे दिवस. पहाटे चारच्या सुमारास लाल दिव्याची पांढरी अ‍ॅम्बेसेडर महालात संघ मुख्यालयाच्या दिशेनं आली. आत पोलिसांच्या गणवेशातले तिघे. पोलिसांना संशय आला, गोळीबार झाला आणि तिघेही मारले गेले. त्यांच्याजवळ एके रायफली, हातबॉम्ब आणि स्फोटकं सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. शहर जागं होईस्तोवर सगळं आटोपलं होतं.

‘अबे, महालात गोळीबार झाला म्हणते!’ एवढं कानावर पडलं आणि लोकांनी आपल्या स्वभावाला जागून जे करायचं तेच केलं. बघायला गेले. घरात कोणी रडत नव्हतं, दवाखान्यात कोणाचं माणूस नव्हतं, त्यामुळे भीतीपेक्षा नवल मोठं होतं. आपल्या नागपुरात? संत्र्याच्या गावात? पानठेल्यावर मग ज्याची त्याची हकिगत. गाडी कुठून वळली, पहिली गोळी कोणी झाडली, हे त्या वेळी घोरत असलेला माणूसही छातीठोकपणे सांगत होता.

पुढे या चकमकीवर प्रश्न उभे राहिले. निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांचा सहभाग असलेल्या सत्यशोधन गटानं पोलिसांच्या हकिगतीवर शंका घेतली. पोलिस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. दोन्ही बाजूंचे कागद वाचणारे किती होते, देव जाणे. पण मत प्रत्येकाचं तयार होतं. संघाच्या शाखेत जाणाऱ्याला शंका हा देशद्रोह वाटला आणि संघाचा तिटकारा असणाऱ्याला हकिगत बनावट वाटली. हल्ल्याच्या बातमीनं कोणाचंच मत बदललं नाही, उलट आधीचंच आणखी पक्कं झालं.

त्या वर्षी महाराष्ट्रानं आणखी दोन दिवस पाहिले. महालानंतर चाळीस दिवसांनी, ११ जुलैच्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. पहिल्या वर्गाचे डबे फाटले, १८० हून अधिक माणसं गेली. मोबाइल लागेनात. मुंबईत पोरगा नोकरीला असलेल्या नागपुरातल्या आईबापांनी ती रात्र फोनजवळ काढली. आणि तिकडे रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली. त्यांत जखमींना घालून त्यांनी दवाखान्यात पोचवलं. रक्त द्यायला रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा भरून निघाल्या आणि वर्तमानपत्रांनी मुंबईच्या ‘स्पिरिट’ला सलाम ठोकला. ज्याचा पगार हजेरीवर आहे तो दुसऱ्या दिवशी कामावर जाणारच. त्याच्या नाइलाजाला शौर्य म्हटलं की सरकारला बरं पडतं, कारण शूर माणसाला उत्तरं द्यावी लागत नाहीत. शौर्य होतं ते आदल्या संध्याकाळी, चादरी घेऊन धावणाऱ्यांचं. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

मग ८ सप्टेंबर, मालेगाव. शुक्रवार, त्यातून शब-ए-बारात. नमाजासाठी आणि कब्रस्तानात जमलेल्या गर्दीत स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. मेलेले जवळजवळ सगळे मुसलमान आणि अटक झालेले नऊही मुसलमान. बहुतेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली, २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं आरोपांतून मुक्त केलं. तोवर नवांतला एक जण वारला होता. त्यांना अटक झाली तेव्हा ‘पकडले एकदाचे’ म्हणून निःश्वास सोडणारे आपणच होतो. ते सुटले तेव्हा ‘मग केलं कोणी?’ असं मोठ्यानं विचारणारे फार थोडे निघाले.

लोकल स्फोटांच्या खटल्याचंही तेच झालं. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. त्यांतला एक जण २०२१ मध्ये कोरोनानं गेला, तो आपल्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही. सुटलेल्यांना मात्र परत आत घातलं नाही. निकाल लागला त्या संध्याकाळी वाहिन्यांवर आरडाओरडा झाला, आठवड्याभरात विषय संपला. १८० हून अधिक माणसं मारणारे कोण, हे एकोणीस वर्षांनीही ठाऊक नाही आणि त्यापायी आपली झोप उडालेली नाही.

सामान्य माणूस हल्ल्याला कसा सामोरा जातो, याचं माझ्यापुरतं उत्तर या तीन दिवसांत आहे. पहिल्या तासाला तो उत्तम वागतो, कारण समोर रक्त असतं आणि काय करायचं ते सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो निकाल देतो आणि तिथे हटकून चुकतो, कारण समोर काहीच नसतं, असते ती ऐकीव माहिती आणि जुना राग. तपास, खटला, भरपाई ही पुढची दहावीस वर्षं तर तो जागेवरच नसतो. हे मी त्याला नावं ठेवायला म्हणत नाही. त्याला घर चालवायचं असतं. पण दुसऱ्या दिवसाची जीभ आवरायला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, हेही तितकंच खरं.

ती आवरली नाही की काय होतं, हे महालानंच दाखवलं. २००६ नंतर तिथला बंदोबस्त वाढतच गेला. चौकी, अडथळे, हटकणारे जवान. त्या भागातल्या लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतलं. पाहुण्याला पत्ता सांगताना ‘तिकडून येऊ नको, मागच्या गल्लीतून ये’ म्हणायचं, एवढंच. एवढ्या कडीकुलपातल्या महालात १७ मार्च २०२५ रोजी जे शिरलं त्याला गाडीही लागली नाही आणि दिवाही. औरंगजेबाच्या कबरीवरून दुपारी निदर्शनं झाली, तिथे पवित्र आयती लिहिलेली चादर जाळल्याची अफवा मोबाइलवरून पसरली आणि अंधार पडल्यावर चिटणीस पार्क, हंसापुरी या भागात दगड आणि पेट्रोल चाललं. गाड्या जळल्या, पोलिस जखमी झाले, एका जखमीचा पुढे जीव गेला. शहराच्या मोठ्या भागात दिवसचे दिवस संचारबंदी राहिली. अतिरेक्यांना जे शहर एक दिवसही बंद पाडता आलं नव्हतं, ते आपण स्वतःच्या अंगठ्यानं बंद पाडलं.

दंगल आणि अतिरेकी हल्ला एक नव्हे, हे मला कळतं. कायद्यात वेगळे, हेतूत वेगळे. पण हल्ला करणाऱ्याला मेलेल्यांच्या आकड्यापेक्षा मोठं काही हवं असतं. शेजाऱ्याला शेजारी संशयित वाटावा, हे त्याचं खरं काम, आणि ते आपण मदत केल्याशिवाय पुरं होत नाही. गेल्या वर्षी २२ एप्रिलला पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्रातले. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. पर्यटकांना वाचवताना मेलेला घोडेवाला त्याच खोऱ्यातला मुसलमान होता. मोबाइलवर मात्र यांतली एकच गोष्ट पुढे जात राहिली. कोणती, ते सांगायला नको. आणि देशातल्या काही शहरांत काश्मिरी पोरांना खोल्या सोडायला सांगितलं गेलं.

१ जूनच्या त्या गुरुवारला आता वीस वर्षं होत आहेत. त्यानिमित्त दीप वगैरे लावू नयेत असं माझं मत आहे. त्यापेक्षा दोन कामं करावीत. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणार हे धरून चालावं, ‘आला तसा पाठवला’ असं म्हणणाऱ्या आपल्याच भावाला, मेहुण्याला, वर्गमित्राला ‘हे तुले कोणं सांगितलं?’ एवढं विचारावं. ग्रुपमध्ये वाईटपणा येईल, तो घ्यावा. दुसरं, मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, लोकल आणि मालेगावचे स्फोट कोणी केले आणि नव्यानं तपास कधी होणार, हे विचारावं. रस्ता आणि नळ तर आपण विचारतोच, त्याच यादीत ही ओळ घालावी. उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारणारे आहेत हे कळलं, तर पुढच्या हल्ल्यानंतर नऊ भलतेच पकडून प्रकरण मिटवायला कोणाचाही हात जरा कचरेल.