एकही रोजा सुटला नाही तेव्हा

मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीने रमजानचे सगळे रोजे धरले. ईदला सर्वांनी तिचं कौतुक केलं, मीही ईदी थोडी जास्तच दिली. गोंदियाला घरी परतताना मनात आलं, पाळीत तर रोजा धरता येत नाही. मग हिचा एकही कसा सुटला नाही?

एखाद्या महिन्यात असं होऊ शकतं. पाळी पस्तीस दिवसांनीही येते. पण तिच्या अम्मीला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, पाच महिने झाले होते. "लग्न झालं की होईल ठीक, बाजी. आता कुणाला सांगायचं?" मेडिकलमधून गोळ्या आणून एकदा पाळी आणलीही होती. त्या गोळीने रक्तस्राव होतो. पाळी का थांबली ते मात्र कळत नाही.

डॉक्टरांनी आधी लघवीची तपासणी सांगितली, गरोदरपणाची. अम्मी उठूनच निघाल्या. त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. पाळी चुकली की डॉक्टर ही शक्यता सर्वांत आधी बाजूला काढतात, मुलगी कुणाचीही असो. त्यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नसतो.

मग रक्त तपासलं. थायरॉइड कमी निघालं. घरातले वर्षभर तिला आळशी म्हणत होते. वजन वाढलेलं, केस गळत होते, सारखी झोप यायची. पाळीची सूत्रं मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडे असतात. थायरॉइड बिघडलं, प्रोलॅक्टिन वाढलं, वजन एकदम घटलं किंवा ताण फार झाला, तरी तिथून अंडाशयाला जाणारा निरोप अडतो. पीसीओएसमध्ये पुरुषी हार्मोन वाढतात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो. पाळी येऊ लागल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते, हे खरं. पण तीन महिने आलीच नाही, तर वाट पाहू नये.

आपल्याकडे याला लाज म्हणतात. पण हजरत फातिमा बिंत अबी हुबैश यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाबद्दल थेट प्रेषितांना (स.) विचारलं होतं, आणि हे शिरेचं रक्त आहे, हैज नव्हे, असं उत्तर त्यांना मिळालं. ज्यांना पाळी येत नाही त्यांची इद्दत किती, हे कुरआनच्या सूरह तलाकमध्ये आहे. हैज कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त दहा, हा हनफी मसला आपल्या मुलींना मदरशात पाठ करून घेतात. त्याच तासाला उस्तानीने आणखी एक वाक्य सांगावं: तीन महिने पाळी नाही आली तर अम्मीला सांग, डॉक्टरकडे जा. एवढंच माझं मागणं आहे. गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे; देवरी-सालेकसाकडच्या मुलींना इथवर यायला एक दिवस मोडतो, पण तो मोडावा. आणि नमाजला कोण बसत नाही, हे घरातल्या बायकांना नेहमी ठाऊक असतं. कोण कधीच सुटी घेत नाही, तेही बघा.

मुलगी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते. या रमजानला तिच्या अम्मीचा फोन आला. आवाज दबका, पण खुशीचा होता. "बाजी, हिचे सहा रोजे सुटले."