ढगाआडचं रामटेक

आषाढात रामटेकच्या गडावर उभं राहिलं की मेघदूत आठवतंच. तो रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असं आम्ही नागपूरकर मानतो. यक्षाला ढग निरोप्या म्हणून उपयोगी पडला. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला मात्र तोच ढग आडवा येतो! खाली धानाची रोवणी चाललेली, बांध्या पाण्यानं भरलेल्या, आणि वरून घेतलेल्या चित्रात नुसता पिंजलेला कापूस.

यावर उपाय म्हणजे दोन वेगळ्या नजरा एकत्र करणं. सेंटिनेल-२ सारखा उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाश टिपतो. सेंटिनेल-१ किंवा आपला ईओएस-०४ हे रडारवाले. ते स्वतःच लहरी सोडतात आणि त्या ढगातून पार जातात. शांत पाणी त्यांना काळं दिसतं, धान वाढू लागलं की तीच बांधी उजळत जाते. एकाला रंग कळतो, दुसऱ्याला पोत आणि ओल. दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसवली की धान कुठे, तलाव कुठे, जंगल कुठे हे बरंचसं सांगता येतं.

'बरंचसं' म्हणतोय, कारण खरी गोम पुढेच आहे. नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली जमीन आहे. ती वनच मानावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये दिला. आता उन्हाळ्यातल्या एकट्या चित्रात पानं झडलेली झुडपं पडीत जमिनीसारखी दिसू शकतात. पावसाळ्यात तीच हिरवीगार. आणि नकाशात एकदा 'पडीत' लिहिलं गेलं की तो तुकडा सगळ्यांना मोकळा वाटू लागतो. म्हणून एकाच ऋतूच्या, एकाच उपग्रहाच्या चित्रावरून रंगवलेला नकाशा मी तरी मानणार नाही.

पण तेवढ्यानंही भागत नाही. चित्रं कितीही एकत्र करा, जमिनीवर काय आहे ते कळेल. ती कुणाच्या कामाची आहे ते कळणार नाही. तिथे गुरं चरतात, सरपण मिळतं. दहा मीटरच्या चौकोनात हे कसं मावणार? नागपुरात केंद्राची आणि राज्याची, दोन्ही रिमोट सेन्सिंग केंद्रं आहेत. नकाशा पक्का करण्याआधी तो ग्रामसभेत भिंतीवर लावायला काय हरकत आहे? एखादा गुराखी बोट ठेवून चूक दाखवेल.

यक्षानंही ढगाला नुसतं 'जा' म्हटलं नव्हतं. वाटेतल्या नद्या, डोंगर, नगरं ओळखीची करून दिली होती. आपल्या या नव्या दूतांनाही जमिनीची ओळख करून द्यायला कुणीतरी हवंच ना?