खाडा

ऊसतोडीच्या फडात ‘खाडा’ या शब्दाला फार नेमका अर्थ आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी त्या कोयत्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी एकजण ज्या दिवशी फडात उतरत नाही, त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही भरावा लागतो. तो दंड म्हणजे खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तेव्हा या बायका खाड्याचा दर दिवसाला पाचशे रुपये सांगत होत्या. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात जी पाहणी पुढे आली, तिच्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक होती. कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर होते, कोवळ्या वयातली लग्नं आणि बाळंतपणं होती, फडावर ना पाणी ना आडोसा. पण पाळीच्या दुखण्यात दिवस बुडला की खाडा बसतो, हे कारण बायका पुन्हा पुन्हा सांगत होत्या. दोन दिवस पडून राहणं इतकं महाग करून ठेवलं होतं की अवयव काढून टाकणं त्यापुढे परवडणारं वाटलं.

हे टोकाचं उदाहरण आहे, हे मला मान्य आहे. तरीही सुरुवात तिथूनच केली, कारण खाड्याचा हिशेब जसा मांडला जातो तसाच तो कारखान्यात, दुकानात आणि काचेच्या इमारतींमधल्या कचेऱ्यांतही मांडला जातो. या हिशेबात माणूस आला की नाही एवढीच नोंद असते. का आला नाही, याला रकाना नसतो. माझं म्हणणं साधं आहे. रजा नाकारल्याने आजार टळत नाही आणि आजाराचा खर्चही वाचत नाही. कोणीतरी तो सोसतोच. आपले आजारपणाच्या रजेचे नियम हा खर्च उतरंडीत जो सगळ्यात खाली आहे त्याच्याकडे ढकलतात आणि त्यालाच शिस्त म्हणतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचं एक निवेदन तयार केलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारच्या सुटीच्या मागणीमुळे ते आपल्या लक्षात राहिलं आहे. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना जबर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. बरा होईपर्यंत आणि पूर्ण पगार, हे दोन्ही शब्दप्रयोग महत्त्वाचे आहेत. आता महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांसाठीचा २०१७ चा कायदा पाहा. त्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे. ती तिमाहीने खात्यात जमा होते आणि वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. शिवाय दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा आहे. आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा नाही. म्हणजे मुलाची शाळा, घरातलं लग्न, सुतक, गावाकडची म्हातारी माणसं आणि स्वतःचा ताप, हे सगळं त्याच आठ दिवसांत बसवायचं. मोजकी माणसं असलेल्या छोट्या दुकानावर तर एवढीही सक्ती नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने आजारी कामगाराला आगाऊ अर्ज न करता रजा घेण्याची मुभा दिली, पण ती रजा त्याच्या वार्षिक रजेतूनच वजा होत असे. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या कामगारविषयक संहितेत वार्षिक रजेसाठी लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० वर आले, ही चांगली गोष्ट झाली. आजारपणाचा वेगळा रकाना मात्र तिथेही उघडला नाही.

असा रकाना उघडता येत नाही, असंही नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यावर वर्षाला वीस दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचं निम्म्या दिवसांच्या पूर्णपगारी रजेत रूपांतर होऊ शकतं. श्रमिक पत्रकारांना १९५५ च्या कायद्याने सेवाकाळाच्या अठराव्या भागाइतकी अर्धपगारी वैद्यकीय रजा दिली होती. ज्यांचा आवाज सरकारपर्यंत पोचला त्यांच्यासाठी कायद्याला आजार समजला. बाकीच्यांची स्थिती २०१७-१८ च्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीत दिसते: शेतीबाहेरच्या नियमित पगारी नोकरदारांपैकीही ५४.२ टक्के लोकांना भरपगारी रजेचा हक्क नव्हता. रोजंदारीवरची माणसं या आकड्यात धरलेलीच नाहीत.

यावर पहिलं उत्तर येतं ते ईएसआयचं. कर्मचारी राज्य विमा ही आपल्याकडची खरोखर मोलाची योजना आहे आणि तिच्याबद्दल आदरानेच बोललं पाहिजे. पगाराच्या ०.७५ टक्के कामगार भरतो, ३.२५ टक्के मालक भरतो, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. क्षयासारख्या दीर्घ आजारांत ते ८० टक्क्यांपर्यंत जातं आणि दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतं. हा लाभ घेत असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही. पण या योजनेला दोन भोकं आहेत आणि बहुतेक माणसं नेमकी त्यांतूनच खाली पडतात. एक, पगाराची मर्यादा २१ हजार रुपये आहे आणि जानेवारी २०१७ पासून ती हललेली नाही. बावीस हजार मिळवणारा माणूस श्रीमंत झाला असं समजून योजना त्याला बाहेर काढते. दोन, नव्या आजारपणातल्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. पावसाळ्यातला साधा ताप तीन-चार दिवसांचा असतो. फ्लूचा रुग्ण पहिल्या तीन-चार दिवसांतच सर्वांत जास्त संसर्ग पसरवतो. ज्या दिवसांत माणसाने घरी थांबायला हवं, बरोबर तेच दिवस बिनपगारी ठेवायचे आणि वर तो मास्क न लावता खोकतो म्हणून रागवायचं, हे न्यायाचं नाही.

रजा कागदावर असते तिथेही ती घेऊ न देण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. औद्योगिक वसाहतींमध्ये कंत्राटी कामगाराच्या पगारात हजेरी भत्ता असतो. महिना पूर्ण भरला तर तो मिळतो, एक दिवस चुकला तर कमी होतो किंवा पूर्ण जातो. बक्षीस म्हणून दिलेला हा भत्ता घरखर्चात धरलेलाच असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो खाडाच असतो. सुरक्षारक्षकाला रिलीव्हर आल्याशिवाय फाटक सोडता येत नाही, आणि तोच आजारी पडला तर सोबत्याला डबल ड्यूटी करावी लागते. म्हणजे दंड त्याला नाही तर त्याच्या मित्राला बसतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांकडे करोनानंतर नवीन वाक्य आलं आहे, ‘येऊ नकोस, घरूनच लॉगइन हो.’ त्याने संसर्ग थांबतो, पण विश्रांती मिळत नाही. भाषाही मदतीला येते. आजारी माणूस ‘दांडी मारतो’, ‘सिक टाकतो’. ही क्रियापदं वापरतानाच आपण त्याला खोटा ठरवलेलं असतं.

अंगावर काढलेल्या दुखण्याची किंमत किती, हे मोजलेलं आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल-२ या दीर्घ अभ्यासातून २००५ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रकृती चांगली नसूनही तीन वर्षांत आजारपणाची एकही रजा न घेतलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण, मध्यम प्रमाणात रजा घेणाऱ्या तशाच पुरुषांच्या दुप्पट निघालं. न चुकता येणाऱ्या माणसाचा आपण सत्कार करतो. त्याची तब्येत विचारायला हवी होती. दुसरा पुरावा संसर्गाचा आहे. अमेरिकेत भरपगारी आजारपणाच्या रजेचा राष्ट्रीय कायदा नाही, पण २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आणि पुढे इतर शहरांनी तो आपापल्या हद्दीत लागू केला. श्टेफान पिख्लर आणि निकोलास झीबार्थ या अर्थतज्ज्ञांनी असे कायदे झालेल्या शहरांची तुलना केली, तेव्हा तिथे फ्लूसारख्या आजारांचं प्रमाण घटलेलं दिसलं. आपल्याकडे हे दाखवायला फ्लूची गरज नाही. क्षयाच्या उपचाराचे पहिले काही आठवडे घरी थांबणं ज्याला परवडत नाही, तो यंत्रमागाच्या बंद शेडमध्ये आणि लोकलच्या डब्यात खोकत राहतो. त्याच्या रजेचा प्रश्न त्याच्या शेजाऱ्याच्या फुप्फुसाचाही आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप: रजा दिली की लोक गैरफायदा घेतील. हा आक्षेप पोकळ नाही. जर्मनीत आजारी कामगाराला सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. तिथल्या सरकारने १९९६ मध्ये कायद्याची हमी ८० टक्क्यांवर आणली, तेव्हा गैरहजेरी खरोखर कमी झाली. पैशाचा परिणाम वागण्यावर होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी १९९९ पासून त्या देशाने पुन्हा पूर्ण पगार सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभवही लक्षात घ्यावा. तिथे वर्षाला पाच ते नऊ दिवसांचा हक्क मिळाल्यानंतर झालेल्या पाहणीत सर्वसाधारण कामगाराने तीनच दिवस वापरले होते आणि चौथाई कामगारांनी एकही नाही. हक्काची रजा माणसं अडीनडीसाठी राखून ठेवतात. बुडणारी रजा मात्र डिसेंबरात संपवून टाकतात, आणि आपल्या कायद्याने ती बुडणारीच ठेवली आहे. थोडे लोक खोटं बोलतील, हे मी धरून चालतो. पण थोड्यांच्या खोट्यासाठी तापाने फणफणलेल्या सगळ्यांना कामावर बोलवायचं की सगळ्यांच्या खऱ्या आजारासाठी थोड्यांचं खोटं सोसायचं, यांतला दुसरा पर्याय मला कमी नुकसानीचा वाटतो.

खोटं पकडायला प्रमाणपत्राचा उपाय सांगितला जातो. दीर्घ आजारात तो योग्यच आहे. एक-दोन दिवसांच्या तापासाठी मात्र त्याचा अर्थ असा की ज्याने पडून राहायचं, त्याने दवाखान्याच्या रांगेत बसायचं, तपासणीची फी भरायची, आणि डॉक्टरने कामगाराच्या सांगण्यावर विसंबूनच कागद लिहायचा. विकत मिळणारी प्रमाणपत्रं याच सक्तीतून जन्माला येतात. न्यूझीलंडच्या कायद्यातली तरतूद मला फार समंजस वाटते: आजारपणाच्या पहिल्या तीन दिवसांतच मालकाला पुरावा हवा असेल, तर त्याचा रास्त खर्च मालकाने द्यायचा. संशय ज्याचा, खर्च त्याचा.

छोट्या मालकाची अडचण याहून खरी आहे. तीन नोकरांच्या किराणा दुकानात एक माणूस आठवडाभर नसला तर मालकाला त्याचा पगार आणि बदलीच्या माणसाची मजुरी, दोन्ही झेपत नाही. म्हणूनच हा भार एकट्या मालकावर न टाकता वर्गणीच्या निधीतून उचलला पाहिजे, आणि तशी यंत्रणा ईएसआयच्या रूपाने आपल्याकडे १९५२ पासून चालू आहे. ती छोट्या आस्थापनांपर्यंत न्यायला हवी, वेतनमर्यादा वाढवायला हवी आणि पहिल्या दोन दिवसांचा खळगा बुजवायला हवा. मोठ्या कंपन्यांना मात्र ‘माणूस नसला की काम अडतं’ हे म्हणता येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकावर रोज सकाळी बदली कामगार उभे असत. त्या पद्धतीने बदलीवाल्यांचं आयुष्य टांगणीला लावलं, तिचं समर्थन होऊ शकत नाही. पण हजार माणसांत रोज काहीजण आजारी असणार, एवढं गणित त्या काळच्या गिरणीमालकालाही येत होतं. एकही माणूस आजारी पडणार नाही असं धरून आज जो मनुष्यबळाचा तक्ता आखला जातो, त्यात चूक आजारी माणसाची नसते.

महाराष्ट्राने आपल्या कायद्यात आजारपणाची रजा नैमित्तिक रजेपासून वेगळी करावी, वर्षाला निदान सात दिवस, पहिले दोन-तीन दिवस प्रमाणपत्राविना, आणि त्या दिवसांमुळे हजेरी भत्ता कापायला बंदी असावी. हे विधानभवनात ठरेल तेव्हा ठरेल. तोवर एक गोष्ट या सदराच्या वाचकांच्या हातात आहे. आपल्या घरी धुणी-भांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ना ईएसआय आहे ना नैमित्तिक रजा. त्यांच्या गैरहजेरीच्या खुणा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतात आणि महिनाअखेर आपणच त्या मोजतो. त्या खुणांनाही आपण खाडाच म्हणतो. या महिन्याचा हिशेब करताना त्यांतले आजारपणाचे दिवस त्यांना विचारा आणि त्या दिवसांचे पैसे कापू नका.