बाजूबरोबर येणारी माणसं

‘स्कायरिम’ खेळलेली दोन माणसं एकत्र आली की ड्रॅगनचा विषय फार वेळ टिकत नाही. लगेच प्रश्न येतो, ‘तू कुणाकडून लढलास? साम्राज्याकडून की बंडखोरांकडून?’ हा व्हिडिओ गेम आला २०११ साली. त्यातल्या काल्पनिक यादवीवर लोक अजूनही तावातावाने भांडतात, आणि ते मला योग्यच वाटतं. बाजू घेणं म्हणजे काय, हे इतक्या नेटाने विचारणारा दुसरा खेळ माझ्या तरी पाहण्यात नाही.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कायरिम हा उत्तरेचा बर्फाळ प्रांत आणि तिथले रहिवासी नॉर्ड. एल्फांच्या थॅलमोर राजवटीशी झालेल्या महायुद्धात साम्राज्य कसंबसं तगलं आणि तह करताना टॅलोसची पूजा बंद करायला कबूल झालं. टॅलोस मुळात माणूस, याच साम्राज्याचा संस्थापक, पुढे देवपदाला पोचलेला. नॉर्डांचं तर ते आराध्य दैवत. तहानंतर थॅलमोरचे अधिकारी प्रांतभर फिरू लागले आणि टॅलोसच्या भक्तांना उचलून नेऊ लागले. विंडहेल्म शहराचा सरदार उल्फ्रिक राजा टॉरिगला मारून बंड पुकारतो, ते या पार्श्वभूमीवर. बंडखोरांना म्हणतात स्टॉर्मक्लोक. खेळाच्या सुरुवातीलाच तुमचं नाव यादीत नसताना साम्राज्याचे शिपाई तुम्हाला शिरच्छेदासाठी उभं करतात. एवढं सोसल्यावर उल्फ्रिकच्या मागे जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. मीही आधी त्याच्याकडूनच लढले.

पण त्याच्या विंडहेल्ममध्ये पाऊल टाकताच काय दिसतं? वेशीच्या आत दोन नॉर्ड एका डार्क एल्फ बाईला अडवून, तू साम्राज्याची हेर आहेस, म्हणून दमदाटी करत असतात. ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर आलेल्या निर्वासितांच्या या समाजाला शहराच्या एका कोंदट कोपऱ्यात राहावं लागतं. त्या वस्तीचं नाव ग्रे क्वार्टर. सरड्यासारख्या अंगाच्या आर्गोनियन हमालांना तर तटाच्या आतही थारा नाही, ते धक्क्यावरच राहतात. ब्रुनवुल्फ नावाचा एक नॉर्ड सांगतो की नॉर्डांवर दरोडा पडला तर उल्फ्रिकची माणसं लगेच धावतात, इतरांवर पडला तर धावत नाहीत. धर्मस्वातंत्र्याची मागणी रास्त आहे. ती मागणाऱ्याच्या दारातली ही वस्तीही तितकीच खरी आहे.

या खेळाची खरी ताकद मला पुढे दिसते. आपण बाजू निवडतो तत्त्वासाठी, पण पदरात पडतात ती माणसं. साम्राज्य जिंकलं तर विंडहेल्मच्या गादीवर तोच सज्जन ब्रुनवुल्फ बसतो. पण त्याच विजयाने रिफ्टन शहर जातं मेव्हन ब्लॅक-ब्रायरच्या हाती, आणि चोरांची टोळी या बाईच्या खिशात असते. बंडखोर जिंकले तर मार्कार्थ शहर मिळतं सिल्व्हर-ब्लड घराण्याच्या थाँगवोरला. त्या घराण्याच्या खाणीत कैद्यांना जुंपून चांदी काढली जाते. चांगला तेवढा ठेवू, वाईट तेवढा टाकू, अशी सोय कुठेच नाही.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो व्हाइटरनचा बालग्रूफ. हा सरदार दोन्ही बाजूंना दूर ठेवून आपलं शहर सांभाळत असतो. ड्रॅगन मारल्याबद्दल त्याने तुम्हाला मानाचं पद दिलेलं असतं, तुम्हाला आपलं मानलेलं असतं. उल्फ्रिक त्याच्याकडे स्वतःची कुऱ्हाड धाडतो, तीही तुमच्याच हाती. ठेवून घेतली तर सलोखा, परत केली तर युद्ध. बालग्रूफ ती परत करतो. मग ज्या दालनात तुमचा सन्मान झाला, तिथेच तलवार उपसून शिरायचं. तो शरण येतो आणि शहर सोडून जातो. त्याचे शेवटचे कडवट बोल ऐकताना, टॅलोसची पूजा आता मोकळी होईल, हे समाधान मला पुरलं नाही.

मग कुणाचीच बाजू घेऊ नये का? खेळात तशी मुभा आहे. पण थॅलमोरच्या वकिलातीत शिरलात तर उल्फ्रिकवरचं एक गुप्त टिपण हाती लागतं. महायुद्धात तो त्यांच्या कैदेत होता, तिथे त्याला मोडण्यात आलं, आणि आता त्यांना त्याचा विजयही नको आहे. त्यांना हवी आहे फक्त न संपणारी लढाई. भारतीय युद्धात बलराम तीर्थयात्रेला गेला, तरी युद्ध अठरा दिवसांत निकाली निघालं. स्कायरिममध्ये मात्र तुम्ही हात लावला नाहीत तर यादवी जिथल्या तिथे थिजून राहते, म्हणजे थॅलमोरला हवं तेच होतं. इथलं तटस्थपण कोरं नाही.

म्हणून आता मी साम्राज्याच्या बाजूने उभी राहते. कारण खरा शत्रू तिसराच आहे आणि दुभंगलेला प्रांत त्याच्याशी लढू शकणार नाही. ग्रे क्वार्टरला निदान ब्रुनवुल्फ तरी मिळतो, हे दुसरं कारण. साम्राज्याची सेनाधिकारी रिक्के स्वतः नॉर्ड. बंडखोर सॉलिट्यूड शहर पाडतात तेव्हा उल्फ्रिक तिला निघून जायची मोकळीक देतो, पण ती जात नाही. तिच्या तोंडी टॅलोसचंच नाव असतं आणि ती टॅलोसबंदी करणाऱ्या साम्राज्यासाठी मरते. तिचं ते मरण मला पटतं. या निवडीत टॅलोसच्या भक्तांची धरपकड चालूच राहते आणि रिफ्टनमध्ये मेव्हन बसते, हे मला ठाऊक आहे, आणि तो भार माझ्याच माथ्यावर आहे. तुम्ही उल्फ्रिककडून लढणार असाल तर जरूर लढा, पण त्याआधी एकदा ग्रे क्वार्टरमध्ये जा आणि तिथल्या माणसांशी बोला.