पराभव म्हणजे जन्मठेप नव्हे

निवडणुकीत जो पडला तो राजकारणातून उठला, असा निवाडा पक्षांच्या कचेऱ्यांत फार लवकर दिला जातो. इंदूरचा अनुभव मात्र वेगळीच साक्ष देतो. या शहराचे उपमहापौरपद भूषविलेल्या श्रीमती सुमित्रा महाजन १९८५ साली विधानसभेसाठी उभ्या राहिल्या आणि काँग्रेसचे महेश जोशी यांच्याकडून पराभूत झाल्या. अवघ्या चार वर्षांनी, १९८९ मध्ये, याच इंदूरने त्यांना लोकसभेवर धाडले; आणि हरविले कोणाला? राज्याचे मुख्यमंत्रिपद व केंद्राचे गृहमंत्रिपद भोगलेल्या प्रकाशचंद्र सेठींना! तेव्हापासून सलग आठ वेळा निवडून आलेल्या सुमित्राताई २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षपदी बसल्या. चिपळूणच्या या कन्येला हिंदीभाषक नगरीने ‘ताई’ म्हणून आपली मानली, याचे मोल आम्हांस विशेष वाटते.

१९८५ च्या पराभवानंतर पक्षाने त्यांना अडगळीत टाकले असते तर? म्हणून आम्ही सर्वच पक्षांना बजावतो : मतदाराचा नकार त्या निवडणुकीपुरता असतो, त्याची जन्मठेप करू नका. आणि पराभूतांनी मतदाराच्या नावाने बोटे मोडीत घरी बसू नये. ज्या दारातून नकार मिळाला, त्याच दारी पुन्हा जावे.