लेकराच्या जन्माची हकीकत डॉक्टरांपासून लपवू नका

मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढं बसलं की आपल्याकडची माणसं गेल्या सहा महिन्यांचं सगळं सांगतात. पोरगं रात्रभर जागतं, एकटंच पुटपुटतं, भिंतीपलीकडून कुणी आपल्याबद्दल बोलतंय म्हणतं, विष घातलंय म्हणून आईनं वाढलेलं ताट सारून देतं. पण हेच लेकरू जन्मल्यावर उशिरा रडलं होतं, दुसऱ्या वर्षी त्याला आकडी आली होती, त्याच्या टाळूचं ऑपरेशन झालं होतं, हे कुणी काढत नाही. काहींच्या ते ध्यानातच नसतं. बरेच जण मुद्दाम गिळतात, कारण पुढं सोयरीक जुळवायची असते. माझं मागणं एवढंच, की हे सांगा.

मेंदूची घडण पोटात असतानाच होते. त्याच्या दोन भागांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा काहींत तयारच होत नाही, काहींत पेशी ठरल्या जागी पोचत नाहीत. अशी घडण असलेल्यांना पुढं भास आणि संशयाचा आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. गुणसूत्र २२ चा एक तुकडा जन्मतःच नसेल तर हा संबंध फार स्पष्ट दिसतो. हृदयाचा दोष, दुभंगलेला टाळू, रक्तात कॅल्शियम कमी अशी त्याची लक्षणं असतात, आणि अशा चौघांतल्या सुमारे एकाला मोठेपणी स्किझोफ्रेनिया, म्हणजे हाच भास-संशयाचा आजार, होतो. उलट बाजूही ऐका. अमेरिकेतल्या किम पीक यांच्या मेंदूत तो जोडपट्टा नव्हता, तरी हजारो पुस्तकं त्यांना पाठ होती. दोष म्हणजे आजार नव्हे, धोका तेवढा वाढतो.

जन्माचा दोष आणि आजार मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी, असं कसं? त्या वयात मेंदू स्वतःची जोडणी नव्यानं बसवत असतो, आणि जुनी कमतरता तेव्हा उघडी पडते असं मानतात. आपल्याकडं नेमक्या याच वयात पोरं ‘नीट’साठी लातूरच्या नाहीतर नांदेडच्या होस्टेलवर असतात. मग घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे, परीक्षा झाली की निवळेल. ताणानं झोप उडते, चिडचिड होते. पण कानात आवाज येत असतील तर परीक्षेची वाट बघू नका.

जन्माची हकीकत कळली की डॉक्टरांचे निर्णय बदलतात. एरवी भास होणाऱ्या प्रत्येकाला एमआरआय लागतोच असं नाही, आणि केला तरी बहुतेकांच्या आजाराचं कारण त्यात सापडत नाही. पण आकडी, उशिरा चालणं-बोलणं, मोठं डोकं, एका अंगाची कमजोरी असा इतिहास असेल तर तपासणीला अर्थ येतो. भासावरच्या काही गोळ्यांनी आकडीचा धोका वाढतो. आकडी येऊन गेलेली ठाऊक असली तर औषध जपून निवडता येतं. कॅल्शियम तर साध्या रक्ततपासणीत कळतं. एमआरआयच्या रिपोर्टात एखादी पोकळी किंवा गाठोडी दिसली म्हणून ऑपरेशनसाठी जमीन विकायला मात्र निघू नका. बहुतेकांना उपाय गोळ्यांचाच असतो, आणि त्या गुण देतात.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथं मानसोपचार विभाग आहेत. जाण्याआधी विचारायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जाताना जन्माचं कार्ड, लसीची वही, जुन्या ऑपरेशनचे कागद, जे सापडेल ते घ्या. कागद नसतील तर आजीला सोबत न्या. बाळंतपणातलं तिला आईपेक्षा जास्त आठवतं.

गाणगापूरला जायचं तर जा, दत्ताला कोण नको म्हणतंय? गोळ्या खिशात ठेवून जा. भूत काढतो म्हणून कुणी लेकराला साखळीनं बांधू लागला, मारू लागला, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणि सोयरिकीचं. लपवून लग्न लावलं की सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात आणि आजार उलटतो. लेक आकडीसाठी किंवा मूड सावरण्यासाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल तर प्रकरण आणखी नाजूक आहे. त्या औषधानं पोटातल्या बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष येऊ शकतो, आणि मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आधी. गोळी मनानं बंद करू नका. लग्नाची बोलणी सुरू झाली, की तिला घेऊन डॉक्टरांकडं जा आणि बदली औषधाचं विचारा.