कानातले ठोके आणि मिरगीची गोळी

गेल्या पावसाळ्यात ब्रह्मपुरीकडचा एक विद्यार्थी दवाखान्यात आला. त्याला मिरगीचा आजार. नियमित गोळ्यांमुळे दोन वर्षे झटका नव्हता. परीक्षा जवळ आली तेव्हा त्याने ‘बायनॉरल बीट्स’चे ॲप मोबाइलवर घेतले, रात्र रात्र कानात लावून जागला आणि ‘आता मेंदू यानेच शांत राहील’ म्हणून गोळ्या सोडल्या. आठवड्यात झटका आला.

हा प्रकार आहे तरी काय? भजनाच्या पेटीचे दोन सूर किंचित वेगळे लागले, तर आवाज लहरत येतो. ती लहर हवेत तयार होते. ॲपमध्ये मात्र एका कानात सेकंदाला 200 कंपनांचा आणि दुसऱ्या कानात 210 कंपनांचा सूर जातो. ते हवेत मिसळत नाहीत, तरीही सेकंदाला 10 ठोके जाणवतात. हे ठोके मेंदूतच घडतात, म्हणून हेडफोन लागतो. जर्मन शास्त्रज्ञ डोवे यांनी 19 व्या शतकातच हे दाखवले होते. तेव्हा यात जादू नाही आणि खोटेपणाही नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. या ठोक्यांप्रमाणे मेंदूच्या विद्युतलहरी चाल बदलतात, असा दावा केला जातो. 2023 साली अशा 14 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. 5 अभ्यासांत दाव्याला आधार मिळाला, 8 मध्ये मिळाला नाही, एकात निष्कर्ष संमिश्र होता. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती कमी झाल्याचे काही अभ्यास सांगतात, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मिरगीच्या गोळीची जागा हे ठोके घेतात, याला पुरावा नाही. उलट जागरण आणि अचानक सोडलेली गोळी, ही झटका येण्याची दोन मोठी कारणे आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. करमणूक म्हणून हळू आवाजात जरूर ऐका, औषध म्हणून नको. झोप येत नसेल तर आधी रात्रीचा चहा आणि मोबाइल बंद करा. पहाटे जंगलालगतच्या रस्त्याने फिरताना दोन्ही कान झाकू नका. आपल्या भागात वाघाची चाहूल कानालाच आधी लागते. आणि मिरगीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका.

त्या मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. परीक्षा मात्र हुकली.